सहीआधीचं लुगडं

साळूआत्यानं लुगड्याची घडी मांडीवर घेतली, काठावरून अंगठा फिरवला, दाराच्या उजेडात रंग निरखला आणि म्हणाली, "लुगडं झ्याक हाय, भरत. पर सही कशाची करू? जमीन तर मी देऊन टाकली."

भरतला आधी वाटलं, थट्टा करतीय. आत्याला थट्टेची खोड जुनीच. सत्तरी उलटली तरी जीभ काही म्हातारी झाली नव्हती. म्हणून तो हसला. त्याचा धाकटा भाऊ गोरख तर पुरणपोळीचा घास तोंडात असतानाच हसला, आणि ठसका लागून तांब्या शोधायला लागला.

"कुणाला दिलीस? बिबट्याला?" खोकत खोकत गोरख म्हणाला.

"नगरपालिकेला."

हसणं तिथंच थांबलं. भरतची बायको वृषाली आमटी वाढत होती, तिचा हात वाटीवर तसाच राहिला. कटाची आमटी पळीतून भरतच्या पायजम्यावर गळत होती आणि नवराबायको दोघांनाही त्याचं भान नव्हतं.

"आत्या, नाक्याचं वावर म्हणतीस तू?" भरतनं विचारलं. खरं तर विचारायचं कारण नव्हतं. आत्याच्या नावावर दुसरं होतंच काय?

"तेच की. रीतसर बक्षीसपत्र केलं. फोटो काढला, अंगठा घेतला, समदं झालं. दिवाळीच्या आधीच झालं."

सकाळपासून कसं सगळं जुळून आलं होतं! ओझरला जाऊन विघ्नहराला नारळ ठेवला, येताना आत्यासाठी इरकली नऊवारी घेतली. उद्याची रजिस्टर कचेरीतली वेळ ठरलेली होती. घरातल्या बाईची सही हवी असली की आदल्या दिवशी तिला गोडाचं जेवायला घालायचं आणि नवं लुगडं द्यायचं, ही या घराची चालच. भरतच्या बापानं, कुंडलिकनं, बहिणीकडनं वाटणीची सही घेतली तेव्हा असंच लुगडं दिलं होतं. विहिरीच्या कर्जाला तिची संमती लागली तेव्हा दुसरं.

नाक्याचं वावर म्हणजे शहराच्या हद्दीत, अगदी कडेला असलेलं दोन एकर. ते आत्याच्या नावावर गेलं त्यालाही कारण होतं. कालवा आला तेव्हा ज्याची जमीन जास्त, त्याच्याकडनं सरकार धरणात जमिनी बुडालेल्या लोकांसाठी हिस्सा काढून घ्यायचं. आज्यानं, रखमाजीनं, शक्कल लढवली. नवरा गेल्यामुळं डिंगोऱ्याहून माहेरी परतलेल्या लेकीच्या नावावर दोन एकर चढवलं. कागदावर जमीन कमी भरली, हिस्सा वाचला. नाव साळूचं, वावर आपलं, असं सगळ्यांनी धरून ठेवलं. साळूनं काय धरलं, ते कुणी विचारलं नाही.

आणि आता त्याच वावरावर सुदर्शनचं लग्न अडकलं होतं.

भरतचा हा थोरला पोरगा. तिशी ओलांडलेली, निर्व्यसनी, टोमॅटोत तालुक्यात नाव काढलेलं. पण पोरगा शेती करतो म्हटलं की पोरीचा बाप चहाचा कप खाली ठेवायचा. पाच वर्षं हेच चाललेलं. शेवटी महाळुंगे पडवळच्या भगवंत पाव्हण्यांची समृद्धी जुळली. पोरगी नर्स, गोड स्वभावाची, सुदर्शनला मनापासून आवडलेली. पण बैठकीत पाव्हण्यांनी एकच अट घातली होती: शहराच्या हद्दीत जागा, पोराच्या नावावर, साखरपुड्याच्या आधी. भरतनं शब्द दिला. मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांची अट मानली हे भावकीत कळलं असतं तर पारावर बसायची सोय राहिली नसती. म्हणून बैठकीतली गोष्ट बैठकीतच ठेवायची, असं भरत आणि गोरखनं गाडीतच ठरवलं होतं.

"कुणी नेलं तुला कचेरीत?" भरतचा आवाज आता चढला. "एकटी तर गेली नसशील."

बोलली ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी असलेली तेजस्विनी. भरतची लेक. नगरपालिकेत नगररचनेच्या खात्यात कंत्राटावर कामाला होती.

"मी नेलं, पप्पा."

भरतला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. पोटची पोर! तो पाटावरनं अर्धवट उठला आणि पुन्हा बसला.

"तू? अगं, तू ह्या घरातली हाईस का पालिकेतली?"

"आजीनं शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही म्हणून. आणि जमीन तिची आहे, पप्पा. मी तिला दोनदा विचारलं, नीट विचार केलास का. ती म्हणाली, चाळीस वर्षं केला."

"वा गं घरभेदे!" गोरख उसळला. त्याचं नारायणगावात खताबियाण्याचं दुकान. जगातला प्रत्येक व्यवहार आपल्याला कळतो अशी त्याची समजूत. "आन पालिका काय करणार त्या जमिनीचं?"

"जमीन-बँकेत ठेवणार. म्हणजे शहराच्या कडेनं मिळेल तिथली जागा पालिका आत्ताच हातात घेऊन ठेवते. बिल्डरच्या घशात जायच्या आधी. मग तिथं लहान घरं बांधायची, परवडतील अशी. सफाईवाल्यांना, पॅकिंगच्या शेडमधल्या बायांना, ड्रायव्हर लोकांना."

"बँक म्हणे! पोरी, मला शिकवू नको. बाजारामागचं मैदान पंधरा वर्षं तुमच्या पालिकेच्या ताब्यात हाय. काय दिवे लावले तिथं? बाभळी माजल्या, आन कोपऱ्यात भंगारवाला बसला. घ्यायला पुढं, बांधायला मागं!"

तेजस्विनीनं मान खाली घातली. पोरीला खोटं बोलता यायचं नाही, हा तिचा लहानपणापासूनचा दोष.

"खरं आहे, काका. कुंपण घालायचं, राखण ठेवायची, त्यावर पैसा जातो आणि पडून असलेल्या जागेची घरपट्टी पण येत नाही. बांधायला निधी कधी येईल ते साहेबांना पण सांगता येत नाही. पाच वर्षं लागतील, सात लागतील. पण आज हातात घेतली नाही तर पुढं मिळणारच नाही. नाक्यावरचा गुंठ्याचा भाव तुम्हीच सांगा. तुमच्या दुकानातल्या गड्याला जन्मात परवडेल?"

"त्याला परवडावं म्हणून आमी आमचं सोनं वाटायचं?"

"सोनं माझं व्हतं," आत्या म्हणाली. शांतच म्हणाली, म्हणून जास्त लागलं. "आन वाटलं कुणाला? आपल्या कांद्याला येती ती रत्ना बघ. तिच्या बापाची, गेणभाऊची भातखाचरं धरणाखाली गेली. डोंगरातला माणूस, उभा जन्म आपल्या बांधावर राबला. आता ती रत्ना शहरात पत्र्याच्या खोलीत राहती. उन्हाळ्यात पोरांच्या अंगावर वलं फडकं टाकून निजवती. माझ्या बापानं, आबानं जो हिस्सा वाचवला, तो कुणाचा व्हता रं, गोरख? मला आडाणीला कळतंय, तू तर दुकान चालवतोस."

गोरखनं भरतकडं पाहिलं. आजवर दोघा भावांचं वाटणीपासून कशातच जमलं नव्हतं; विहिरीच्या पाळीवरनं दोनदा कोयते निघाले होते. पण आज गोरख पाट सरकवून भावाच्या अंगाला अंग लावून बसला. समोर आत्या, आणि तिच्या पाठीमागं येऊन उभी राहिलेली तेजस्विनी. वृषाली मात्र मधोमध पळी घेऊन उभी, कुणाकडं जावं ते न कळलेली.

"ते समदं राहू दे," भरत म्हणाला. "पुण्य करायचं तर सांगून करायचं. पन्नास वर्षं ह्या घरानं तुला सांभाळलं. आमी तुला काय कमी केलं, आत्या? उपाशी ठेवलं? दवाखान्याला न्हाई म्हणलो?"

"न्हाई. खोटं कशाला बोलू? आजारी पडले तर वृषालीनं माझं समदं केलंय. पोटच्या लेकीनं केलं नसतं."

वृषालीनं पदरानं डोळे टिपले. आत्यानं लुगडं मांडीवरनं काढून बाजूला ठेवलं.

"पर तुमी दोघं वायलं झालात तवा विहिरीच्या पाण्याची पाळी लावली. ध्यानात हाय? तीन दिस तुझं, तीन दिस गोरखचं. आन त्याच बैठकीत माझीबी पाळी लावली. दसरा ते होळी भरतकडं, होळी ते दसरा गोरखकडं. मी तिथंच बसले व्हते. कुणी म्हणलं न्हाई, आत्या, तुला कुठं राहायचंय. माझी ट्रंक उचलायची आन अंगण वलांडायचं. गोरखच्या घरी गेले की माझी जागा कांद्याच्या गोण्यांशेजारी, हितं आले की तिजोरीच्या खोलीत. एकदा होळीला पाऊस आला, तर मी ट्रंकेवर बसून राहिले वसरीत. हिकडं पाळी संपली, तिकडनं कुणी न्यायला आलं न्हाई."

"अगं, त्या दिशी आमी लग्नाला गेलतो चाकणला..." गोरख पुटपुटला.

"गेलता की. मी कुठं भांडते? पर पावण्याला बी परत जायला घर असतंय, बाबा. मला तेबी नव्हतं. म्हणून मी अट घातली पालिकेला. जमीन फुकट घ्या, पर तळमजल्याला एक घर मला. दारावर नाव साळुबाईचं. आतनं कडी लावता आली पायजे. बास."

भरत तिच्याकडं बघतच राहिला. हे डोकं त्यानं रोज बघितलं होतं. सकाळी चुलीपाशी, दुपारी गोठ्यात, संध्याकाळी देवापुढं. त्या डोक्यात आतनं कडी लावायचं दार होतं, हे त्याला स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं. त्याला रडायला येत होतं की संताप येत होता, त्याचं त्यालाच कळेना. मग संतापच आला, कारण तो सवयीचा होता.

"घर! सात वर्षांनी बांधणार म्हणती ही. तोवर तू राहशील का, आत्या?"

बोलून गेला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. वृषालीनं "अहो!" म्हणून पळी जमिनीवर आपटली.

"नाय राहिले तर नाय राहिले," आत्या म्हणाली. "दुसरं कुणी राहील. नाव तरी लागलंय."

इतका वेळ सुदर्शन ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. जेवायलाही बसला नव्हता. तो आत आला, कोपऱ्यात बसला आणि एकच विचारलं, "तेजू, परत फिरतं का हे?"

"नाही, दादा. नोंदलेलं बक्षीसपत्र आहे. पालिकेच्या सभेत ठराव झाला, फेरफार झाला, उताऱ्यावर पालिकेचं नाव लागलं."

"बरं," सुदर्शन म्हणाला.

त्याच्या त्या 'बरं'नं भरतच्या काळजाचं पाणी झालं. पोरगा आदळआपट करता, शिव्या देता, तर बरं वाटलं असतं. भरतच्या ओठावर सगळं आलं होतं: आत्या, ह्या जमिनीवर ह्याचं लग्न होतं गं. पण त्यानं गिळलं. म्हातारीच्या पोटात काही राहायचं नाही, उद्या पाणवठ्यावर जाईल, परवा भावकी हसेल. आता जमीनही नाही आणि वर हसं, हे त्याला सोसणार नव्हतं. गोरखला मेहुण्यांकडनं उसनवार जागा मिळते का बघू, भगवंत पाव्हण्यांना महिनाभर थोपवू, असं काहीबाही त्याचं डोकं चालू झालं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पडद्यावर भगवंत पाव्हण्यांचं नाव.

"घ्या की," गोरख कुजबुजला. "सांगा, वकील आजारी हाय. पुढच्या आठवड्यात करू."

भरतनं फोन उचलला. "बोला पावणं! जेवणं झाली का?... हा, हा... उद्याचं व्हय? उद्या जरा..."

सुदर्शननं उठून बापाच्या हातातनं फोन काढून घेतला. असं त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं. भरत हात तसाच कानाजवळ धरून बसला.

"मामा, सुदर्शन बोलतोय. उद्या येऊ नका कचेरीत. नाक्याची जागा आमच्याकडं राहिली नाही. नाही, विकली नाही. आजीची होती, तिनं गोरगरिबांच्या घरांसाठी दिली. ... नाही, दुसरी शहरात नाही आमची. मळ्यातलं घर आहे तेवढंच. ... हो. ... हो, कळतंय मला. तुमचं काही चुकत नाही, तुमची मुलगी आहे. ... समृद्धीला मीच सांगू का तुम्ही सांगता? ... बरं. ठेवतो."

फोन त्यानं बापाच्या पुढ्यात ठेवला. "नको म्हणाले. शिव्या नाही दिल्या. राहू द्या म्हणाले, पावणं."

वृषालीला हुंदका आवरला नाही. ती भिंतीशी खालीच बसली. गोरखनं कपाळाला हात लावला. तेजस्विनी भावाकडं बघत होती आणि तिचं तोंड पांढरं पडत चाललं होतं.

"दादा, जागेचं काय? त्यांनी जागा मागितली होती?"

"तुला माहीत नव्हतं?"

"मला कोण सांगतंय! बैठकीला पोरींना नेतात का? मला म्हणाले, मुलगी पसंत आहे, पेढे घे."

साळूआत्या एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. काहीतरी झालंय आणि ते आपल्यामुळं झालंय एवढं तिला उमगलं होतं, पण काय ते हाताला लागत नव्हतं. "कुणाचा फोन व्हता रं, सुदू? भगवंत पाव्हणा का? काय नको म्हणला?"

शेवटी वृषालीच बोलली, रडत रडत. "लग्न नको म्हणाले, आत्याबाई. त्यांची अट व्हती. शहरात जागा सुदूच्या नावावर झाली तरच पोरगी देऊ म्हणाले व्हते. त्यासाठी उद्याची सही व्हती."

आत्याचं तोंड उघडं राहिलं. तिनं लहान पोरासारखं दोन्ही हातांनी तोंड झाकलं, मग हात काढले, मग पुन्हा झाकलं. नवऱ्याच्या तेराव्यालाही ती अशी झाली नव्हती, असं भरतची आई सांगायची ते त्याला आठवलं. ती म्हणायची, साळू तेव्हा दगड झाली होती. आज ती दगड नव्हती.

"मला वाटलं, तुमी इकणार," ती म्हणाली. "मला वाटलं, दोघं निम्मं निम्मं वाटून घ्याल आन बिल्डरला इकाल. म्हणून मी घाई केली. सुदू... अरं सुदू, तू म्हणाला का न्हाईस मला?"

"मला वाटलं पप्पांनी तुला सांगितलंय, आजी. मी एकदा विचारलं पण होतं त्यांना. ते म्हणाले, आत्याचं मी बघतो."

"तेजू," आत्या वळली, "चल. आत्ता चल त्या सायबाकडं. त्याला म्हणावं, म्हातारी चुकली. पायावर डोकं ठेवते त्याच्या."

"आजी, होत नाही गं तसं."

"मग ते घर! ते तळमजल्याचं. ते सुदूच्या नावावर कर. पाव्हण्याला सांग, लहान हाय, पर शहरात हाय. सांग त्याला, फोन लाव!"

"ज्याच्या नावावर शेती आहे त्याला ती घरं मिळत नाहीत, आजी. तुला दिलं ते तू जमीन दिलीस म्हणून." तेजस्विनीला पुढं बोलवेना.

सुदर्शन आत्याजवळ जाऊन बसला आणि त्यानं तिचे दोन्ही हात धरले. "राहू दे, आजी. ते घर तुझं आहे. तुझं नाव लागलंय, लागू दे. मी काय, बघू पुढं."

"ह्या हातानं न्हाऊ घातलं तुला," आत्या म्हणाली. "आईला ताप व्हता, म्हशीचं दूध कापसानं पाजलं. दोन एकर काय रं? तुझ्यासाठी मागितलं असतं तर मी जलमभर ट्रंकेवर बसले असते. हसत बसले असते."

मग ती उठली. सुदर्शनचा आधार न घेता उठली, आणि भरतच्या समोर येऊन उभी राहिली. आवाजात राग नव्हता. राग असता तर भरतला रागानं बोलता आलं असतं.

"भरत, तू मला का न्हाई रं सांगितलं?"

गोरखनं घसा खाकरला, काहीतरी सारवासारव करायला. आत्यानं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

भरतकडं उत्तर होतं. भावकीचं नव्हतं ते, पाणवठ्याचंही नव्हतं. ती सगळी आत्ता जुळवलेली कारणं. खरं उत्तर एवढंच होतं, की आत्याला काही सांगायचं असतं हे त्याच्या मनातच आलं नव्हतं. सही लागणार होती, सांगायचं कशाला? हे तिच्या तोंडावर कसं बोलायचं ते त्याला कळेना, आणि आत्या तर उत्तराची वाट बघत समोर उभी होती.